कमरा हा शब्द रत्नाचा

वर्धा मागे पडलं आणि खिडकीबाहेर कापसाची शेतं सुरू झाली. वेचणी उरकत आली होती. वाळलेल्या, काळपट पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडांवर) कुठे कुठे एखादं पांढरं बोंड राहून गेलं होतं. जानेवारीची सकाळ, अंगाला झोंबणारी थंडी, ऊन मात्र स्वच्छ. समोरच्या बाकावरचे आजोबा मफलर गुंडाळत म्हणाले, "नागपूरले कोणाकडे चालल्या, ताई?"

"मैत्रिणीकडे."

"लग्नगिग्न हाय काय?"

"नाही, सहजच."

खोटं बोलले. साठी ओलांडलेली बाई पुण्याहून रात्रभर गाडीत बसून सहज येत नाही. मी रत्नाची माफी मागायला निघाले होते, आणि तिला शेवटचं पाहिलं तेव्हा आम्ही दोघीही पंचविशीच्या आत होतो.

स्टेशनावरून ऑटोने सीताबर्डीला आले. फोनवरून ठरवलेल्या लॉजमध्ये शिरले, तर काउंटरवरचा माणूस रजिस्टर पुढे सरकवत म्हणाला, "कमरा वरच्या माळ्यावर हाय, मॅडम. चालन ना?"

कमरा. पुण्यात हा शब्द कोणाच्या तोंडी नसतो. तिथे खोली असते, नाहीतर रूम. रजिस्टरमध्ये नाव लिहिता लिहिता माझा हात थांबला, कारण मी ज्या गोष्टीसाठी आले होते ती याच शब्दाची होती.

रत्ना आणि मी पुण्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहात दोन वर्षं एकत्र राहिलो. मी जर्मन शिकत होते, ती पोर्तुगीज आणि स्पॅनिश. पहिल्या दिवशी ती ट्रंक घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हाच कमरा आपला आहे काय वं?" मला हसू आलं. "कमरा काय? हिंदी सिनेमात आहेस का? खोली म्हण." एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण नंतर कितीतरी दिवस मी जेवणाच्या टेबलावर तिच्या बोलण्याची नक्कल करून इतर मुलींना हसवत असे. तीही हसायची. तिला ते आवडत नाही हे मला कळत होतं, पण न कळल्यासारखं दाखवणं सोयीचं होतं.

महिन्याभराने एका संध्याकाळी ती ग्रंथालयातून धापा टाकत आली. "मंजू, तुले माहीत आहे का माया (माझा) कमरा कुठून आला?"

लॅटिनमध्ये 'कामेरा' म्हणजे कमानदार छत, आणि मग तसं छत असलेली जागा. लॅटिननेही तो ग्रीकांकडून उचललेला. पोर्तुगिजांकडे त्याचा उच्चार थोडा बदलला, त्यांच्या जहाजांबरोबर तो आपल्या किनाऱ्याला लागला, हिंदीत रुळला आणि हळूहळू नागपूरच्या घराघरांत जाऊन बसला. "तुया खोलीपेक्षा माया कमऱ्याने जास्त जग पाह्यलं," ती म्हणाली आणि पहिल्यांदा माझ्यावर हसली.

मग आम्हाला नादच लागला. जर्मनमध्ये हा शब्द आक्रसून लहानशा खोलीचा, कोठीघराचा झाला, तेवढं मी शोधलं. बाकी सगळं तिचं. हंगेरियनमध्ये स्पेलिंग थेट आपल्या कमऱ्यासारखं, पण अर्थ धान्य-मुरांब्यांची कोठी. रशियात त्याची तुरुंगातली कोठडी झाली. इटलीतल्या हॉटेलात आजही 'कामेरा' मागितला तर खोलीची किल्ली हातात पडते. फोटो काढायच्या यंत्राला आपण कॅमेरा म्हणतो, ते 'अंधारी खोली' अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांतला पहिलाच शब्द उरला म्हणून. आणि स्पेनमध्ये एका खोलीत राहणाऱ्या शिपायांना त्या खोलीवरूनच नाव पडलं. ते नाव फ्रेंचमध्ये गेलं, तिथून इंग्रजीत गेलं आणि कॉम्रेड झालं. हे सापडलं तेव्हा रत्ना खाटेवर मांडी घालून बसली होती. म्हणाली, "म्हंजे आपण दोघी कॉम्रेड. एका कमऱ्यातल्या."

आमची एक सामाईक वही होती. दुसऱ्या वर्षी रत्ना सुट्टीत नागपूरला गेलेली असताना एका साप्ताहिकाने नव्या लेखकांकडून लेख मागवले. मी वही उघडली आणि चार दिवसांत 'कमरा' लिहून काढला. शेवट कॉम्रेडवर केला. एका खोलीत राहणाऱ्यांची ती सगळी हकीकत मी लिहिली आणि माझ्या खोलीत राहणारीचं नाव मात्र कुठेही घातलं नाही. विसरले नव्हते. लेख आटोपशीर राहावा म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

रत्ना परत आली त्याच सुमारास लेख छापून आला. काही दिवसांनी ती म्हणाली, "वाचला. चांगला झाला." पुढच्या महिन्यात ती शिक्षण सोडून कायमची गावी गेली. वडिलांना बरं नाही, एवढंच कळलं. त्या लेखातून पुढे माझं शब्दांवरचं पुस्तक झालं. त्या पुस्तकाने मला नाव दिलं, व्याख्यानं दिली. आता त्याची नवी आवृत्ती निघणार होती, प्रकाशकाला नवी प्रस्तावना हवी होती. त्याच सुमारास घर बदलताना वही सापडली. पानामागून पान रत्नाचं गोल अक्षर, आणि अधूनमधून माझ्या दोन-चार ओळी. जुन्या मैत्रिणींकडून तिचा नंबर मिळवला. फोनवर ती फारसं बोलली नाही. "ये ना," म्हणाली.

आंघोळ करून खाली उतरले. कोपऱ्यावर पोह्यांची गाडी होती. इकडे पोह्यांवर तर्री (चण्याचा झणझणीत रस्सा) ओततात. गाडीवाल्याने विचारलं, "सांबार टाकू काय, काकू?"

"नको हो, पोह्यांवर कुठे सांबार!"

आजूबाजूचे चार-पाच जण खो-खो हसले. गाडीवाल्याने चिमूटभर हिरवीगार कोथिंबीर वर धरली. "हे पाहा. याले सांबार म्हणतेत आमच्याकडे. इडलीवाला नाही."

मीही हसले, पण कान तापले. डिश हातात घेऊन मी बाजूला जाऊन उभी राहिले. एका शब्दावरून एकदाच हसले होते लोक, तेही प्रेमाने. पोहे फार चविष्ट होते. तर्रीने डोळ्यांत पाणी आलं आणि ते तसंच येऊ दिलं.

रत्नाने दुपारी एकला बोलावलं होतं. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून सदरच्या बाजारात गेले. संत्र्याची बर्फी घेतली. चांगलं शाईचं पेनही घेतलं आणि पाकिटात घालून ठेवलं. दुकानातून बाहेर पडून फोनवर वेळ पाहत चालले होते, तेवढ्यात मागून कोणी तरी ओरडलं, "ओ बाई, चेंबर उघडं हाय!"

डावा पाय कडेवरून घसरला. मी गुडघ्यावर आपटले आणि चप्पल थेट गटारात गेली. संत्री विकणारी एक बाई टोपली सोडून धावत आली, तिने दंडाला धरून उठवलं. "नवीन दिसता नागपुरात. इकडं खाली पाहून चालावं लागते, बाप्पा!" तिने तिच्या पाण्याच्या बाटलीतून माझी खरचटलेली नडगी धुतली.

चेंबर हाही त्याच घराण्यातला. लॅटिन शब्दाला फ्रेंचांच्या तोंडी वेगळं वळण लागलं आणि तो इंग्रजांकडे गेला तेव्हा त्यात राजाचं शयनगृह होतं, न्यायाधीशाची खोली होती. आपल्या रस्त्यावर येईपर्यंत गटाराच्या झाकणाखालचा खड्डा. वहीत याची एक ओळ आहे, रत्नाच्या हातची: 'राजाच्या पलंगापासून म्युनिसिपालटीच्या गटारापर्यंत.' माझ्या लेखातलं सगळ्यांत वाखाणलं गेलेलं वाक्य हेच. मी एका अक्षराचाही फरक केला नव्हता.

नव्या चपला घेऊन, लंगडत मेट्रोत बसले. शेवटच्या खापरी स्टेशनवर रत्नाची मुलगी घ्यायला येणार होती. उंचावरून जाणाऱ्या गाडीतून वर्धा रोड दिसत होता, विमानतळाची मोकळी जमीन, त्यापलीकडे मिहान या नव्या उद्योग वसाहतीच्या काचेच्या इमारती आणि मधूनच उरलेलं एखादं हिरवं शेत.

प्रज्ञा तिशीची असेल. मिहानमध्येच एका कंपनीत काम करते, जेवणाच्या सुट्टीत आली होती. मला पाहताच वाकून नमस्कार करू लागली. मी तिला मध्येच अडवलं.

"मावशी, पायाले काय झालं?" गाडीत बसवताना तिने विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाली, "आईले नका सांगू, नाही तर आख्ख्या सदरले शिव्या देईन ती." मग बुटीबोरीच्या रस्त्याला लागल्यावर ती आपणहून बोलू लागली. "तुमचं पुस्तक आहे आमच्या घरी. मी लहानपणी तेच वाचून राहायची. आईले शब्दांचं वेड तुमच्यापासूनच लागलं ना?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. कारखान्यांच्या भिंती, ट्रकांच्या रांगा. "नाही," मी म्हटलं, "उलट आहे ते." पण समोरून हॉर्न वाजला आणि तिला ऐकू गेलं नसावं. मी पुन्हा म्हणाले नाही.

बुटीबोरीतल्या एका वसाहतीत रत्नाचं बैठं घर आहे. अंगणात तुळतुळीत सारवलेल्या जागेवर ती उभी होती. केस पूर्ण पांढरे, चष्मा जाड, पण उभं राहणं तेच, एक हात कमरेवर. "आली काय वं," म्हणाली. प्रज्ञा आम्हाला सोडून कामावर परत गेली.

जेवायला पाटवडीचा रस्सा होता (बेसनाच्या वड्यांची तिखट आमटी), भाकर आणि ठेचा. रत्ना वाढत गेली, मी खात गेले. पुण्याहून आल्यावर ती इथल्या कापडाच्या एका कारखान्यात नोकरीला लागली होती, निर्यातीच्या खात्यात. ब्राझीलहून, स्पेनहून पत्रं यायची, ती वाचून साहेबांना सांगायची. "माणसं कुठून कुठून येतेत इथं कामाले. बिहार, ओडिशा. एका कमऱ्यात आठ-आठ जण राहतेत. त्यांची भांडणं सोडवाले मीच." नवरा पाच वर्षांपूर्वी गेला. आता ती निवृत्त होती.

हात धुऊन आल्यावर मी पिशवीतून वही काढली आणि तिच्यापुढे ठेवली. रात्रभर गाडीत जुळवलेली वाक्यं म्हणून दाखवली. लेख तुझा होता. नाव घालायला हवं होतं. नव्या आवृत्तीत प्रस्तावनेत सगळं लिहीन. मला क्षमा कर.

रत्नाने वहीची दोन-तीन पानं उलटली. "हेच पायजे होतं मले तेव्हा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी शेवटच्या वर्षाचा निबंध यावरच लिहून राहिली होती, मंजू. कमरा. तुले सांगितलं नव्हतं, म्हटलं पूर्ण झाल्यावर दाखवू. सुट्टीतून आल्यावर दिला. सरांनी तुया लेख काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, हे छापून आलंय, तू उतरवलंस. मी म्हटलं, हे माझंच आहे. तर म्हणाले, 'एवढं तुला कुठून सुचणार?'"

तिने सरांचं वाक्य शुद्ध पुणेरीत म्हटलं. नक्कल नव्हती ती. ते वाक्य तिला तसंच्या तसं पाठ होतं.

"वहीचं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. म्हणाले, आणून दाखव. म्हणून आली होती मी कमऱ्यावर. तू पेढे वाटून राहिली होती. लेखाचे. सगळ्या पोरी जमल्या होत्या. मी दारातूनच परत गेली."

मला पेढे आठवले. मी शोधून पाहिलं, पण दारात उभी असलेली रत्ना आठवेना. मी त्या बाजूला पाहिलंच नव्हतं.

"नंतर तरी बोलायचंस, रत्ना."

"काय बोलणार होती? तू तर रोज समोर होती. तुले काही वाटलं असतं तर तूच बोलली असती." तिने वहीचं आणखी एक पान उलटलं. "सरांनी नापास केलं. वरून लिहिलं, नक्कल केली म्हणून. मी घरी काही सांगितलं नाही. बाबांच्या दुखण्याचं निमित्त केलं. बाबांचं दुखणं साधं होतं. तो माणूस तर मले परत पुण्याले पाठवाले स्टेशनवर जाऊन बसला होता, तिकीट घेऊन. मीच गेली नाही."

एका न छापलेल्या नावाची माफी मागायला मी आले होते. एवढी वर्षं मी माझ्या चुकीचं माप स्वतःच काढलं होतं आणि ते सोयीने लहान काढलं होतं.

"मी विद्यापीठाला लिहीन," मी म्हटलं. "त्या सरांना..."

"ते सर वारले. मी रिटायर झाली. आता कोणाले लिहितं?" तिने वही मिटली. "तुले काही कराचंच असन तर एक कर. प्रज्ञाले सांग."

"काय सांगू?"

"हेच. तिले वाटते, आजोबामुळे आईचं शिक्षण सुटलं. मनात राग धरते त्यांच्यावर. त्यांचा फोटोही तिने कधी लावू दिला नाही तिच्या घरी."

"तू का नाही सांगितलंस इतक्या वर्षांत?"

"मी सांगितलं तर तक्रार होईन. तू सांगितलं तर खरं होईन."

प्रज्ञा सहाला आली. चहा झाला. रत्ना उठून अंगणात झाडांना पाणी घालायला गेली. मुद्दामच. मी सुरुवात केली, थांबले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वर्षानुवर्षं व्यासपीठावर बोलणारी मी, पण साधं 'मी घेतलं' हे क्रियापद तोंडातून निघेना. 'झालं', 'राहून गेलं' असंच येत होतं. प्रज्ञाने एकदा टोकलं, "म्हणजे कोणी केलं?" तेव्हा म्हणाले, "मी." नक्कल करून मुलींना हसवायचे तेही सांगितलं. आजोबा तिकीट घेऊन स्टेशनवर बसले होते तेही.

ती ऐकत राहिली. मग कपाटाकडे गेली, माझं पुस्तक काढलं, ते प्रकरण उघडलं आणि उभ्यानेच वाचलं. लहानपणी अनेकदा वाचलेलं असणार. या वेळी तिने ते ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"सरांचं तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं. बाकीचं माहीत होतं."

"मग एवढे वर्षं काहून नाही आल्या?"

"लाज वाटत होती."

"आईलेही वाटत होती," ती म्हणाली. "तिनं तर काही केलंही नव्हतं."

बाहेर नळ बंद झाल्याचा आवाज आला. रत्ना पदराला हात पुसत आत आली आणि तिने आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. पेनाचं पाकीट मी तिच्यापुढे ठेवलं. तिने उघडून पाहिलं, टोपण लावून पाहिलं, आणि माझ्या पिशवीत परत ठेवलं. बर्फी ठेवून घेतली.

निघताना मी प्रस्तावनेचं पुन्हा विचारलं. नाव कसं घालू, कुठे घालू.

"नाव नको. ते प्रकरणच काढून टाक."

"वाचक विचारतील."

"तर सांग, तो शब्द रत्नाचा होता म्हणून. लिहाचं झालं तर मी लिहीन. नाही झालं तर नाही." मग वही उचलून तिने छातीशी धरली. "हे राहू दे माझ्याजवळ."

प्रज्ञाने मला खापरीला सोडलं. स्टेशनच्या पायऱ्यांशी गाडी थांबवून माझ्या पायाकडे पाहत म्हणाली, "वर जायला लिफ्ट आहे, मावशी. डाव्या हाताला." तिने अजून मावशी म्हटलं याचंच मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परतले. बाहेर तीच शेतं होती, तीच पऱ्हाटी, पण मी फारसं पाहिलं नाही. पुण्याला आल्यावर प्रकाशकांना फोन केला. ते नाराज झाले. पुस्तकातलं सगळ्यांत गाजलेलं प्रकरण, ते कसं काढायचं? मी कारण सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "बरं." आवृत्ती आता बाजारात आली आहे, त्या प्रकरणाशिवाय. काही वाचकांनी पत्रं पाठवून विचारलं. त्यांच्यासाठी हे लिहिलं. इथे कमऱ्याबद्दल जे जे सांगितलं, ते जर्मनची एक ओळ सोडली तर सगळं रत्नाने शोधलेलं आहे, आणि तिला विचारूनच सांगितलं आहे.

आम्ही आता कधीमधी फोनवर बोलतो. ती उन्हाचं सांगते, प्रज्ञाच्या बदलीचं सांगते. एकदा सांगता सांगता म्हणाली की प्रज्ञाने आजोबांचा फोटो नेऊन स्वतःच्या घरी लावला. लिहिण्याचा विषय ती काढत नाही आणि मीही काढत नाही. मी क्षमा मागितली होती, हे खरं. तिने ती केली का, हे मला आजही ठाऊक नाही. फोन ठेवण्याआधी कितीदा तरी विचारावंसं वाटतं. विचारत नाही. विचारलं तर तिच्याकडून आणखी काहीतरी मागून घेतल्यासारखं होईल.